किल्ली कुणाच्या हातात?
(ईट, ता. भूम येथील महिला बैठकीतील भाषण)



ट्रॅक्टर घ्यायचा तर गिअरचा प्रश्न पुरुषांवर सोडू नका. चालवणार कोण आणि काम कोणतं, एवढं ठरलं की निम्मं उत्तर मिळतं.

हायड्रोस्टॅटिकमध्ये इंजिनाचं बळ पंपाच्या तेलावाटे चाकांकडे जातं. पेडल जेवढं दाबाल तेवढा वेग. पुढे-मागे करायला गिअर बदलणं नाही, सारखा क्लचही नाही. शिकायला सोपं, लोडरला उत्तम. पण तेलाच्या त्या फेऱ्यात बळ वाया जातं. काळ्या रानात नांगर ओढताना डिझेल जास्त जळणार. तेलात घाण गेली तर पंप बिघडतो. तो खोलणारा मिस्त्री भूमला आहे का, आधी विचारा. आपल्याकडे असे ट्रॅक्टर मुळात थोडेच.

शटल शिफ्टमध्ये गिअर तोच ठेवून एका दांडीनं पुढे-मागे होता येतं. साध्या शटलला क्लच मात्र दाबावा लागतो. धुऱ्यावर वळताना, ट्रॉली मागे घेताना मोठी सोय. आपल्या लहान तुकड्यांसाठी माझं मत शटललाच.

पण क्लचपर्यंत पाय पोचतो का, ते बसून बघा. विक्रेता नवऱ्याकडे बघून बोलेल; तुम्ही चालवून बघायला किल्ली मागा. (आणि पदर खोचून! पीटीओच्या फिरत्या शाफ्टमध्ये कापड अडकलं तर जीव जातो.)

केंद्राच्या यांत्रिकीकरण योजनेत महिला शेतकऱ्याला ठरलेल्या मर्यादेत ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. म्हणून अर्जावर बाईचं नाव लगेच येतं. ते सातबारावरही येऊ द्या. नाव आपलं आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, असा ट्रॅक्टर मला नको.

लायसन्स काढायला कोण कोण तयार आहे? हात वर करा.