बार्लो लावलं आणि शनी विरघळला

निवृत्तीनंतर जबलपूरला स्थायिक झालो आणि 80 मिलिमीटर व्यासाची दुर्बीण घेतली. नाभीय अंतर 900 मिलिमीटर. 10 चा आयपीस लावला की 900 भागिले 10, म्हणजे 90 पट. शनीची कडी लख्ख!

मग हाव सुटली. आयपीसच्या आधी दुप्पट बार्लो बसवलं. हे अंतर्वक्र भिंग किरणांचं एकवटणं लांबवतं. 900 चे 1800 होतात, 180 पट. गच्चीवर मुलांची रांग, आणि शनी? थरथरता, फिकट डाग. प्रकाश तेवढाच, पण पसरला चौपट जागेत. मिलिमीटरमागे साधारण दुप्पट, म्हणजे इथे 160, ही मर्यादा. फौजेत माझी दुर्बीण तर अवघी 7 पटीची होती!

मुकाट्याने बार्लो काढलं. रांगेतली पहिली मुलगी ओरडली, ‘‘आजोबा, कडी दिसली!’’