तरुणांचे कर्ज आणि कायद्याचे दार



१८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांना आपला सावकार तोंडओळखीने ठाऊक होता; त्याची खतपत्रे काढून त्यांनी जाळली. आजच्या कंत्राटी तरुणाचा सावकार मोबाइलच्या पडद्याआड बसतो. एक कर्ज फेडण्यासाठी हा मुलगा दुसरे काढतो, आणि शेवटी ‘तडजोड करून देतो’ म्हणणारा दलाल त्याच्याकडून आगाऊ फी उकळतो.

या दलालावाचून काही अडत नाही. बँकेकडे वा वित्तसंस्थेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क नाही. लोकअदालतीतही कोर्ट फी नाही. परंतु तिच्या निवाड्यावर अपील चालत नाही, म्हणून झेपेल तेवढाच हप्ता कबूल करावा. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यान्वये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार (हे आपलेच कार्यकर्ते विसरतात!) यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळू शकतो.

मुख्य अन्याय मात्र वेगळाच आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत व कर्ज ३५,००० रुपयांपर्यंत असलेल्या, घर नसलेल्या माणसाला कर्जमुक्तीची तरतूद आहे. कंपन्यांना संहितेचा लाभ त्याच वर्षी सुरू झाला. हे प्रकरण सामान्य माणसाला अद्याप लागू झालेले नाही. मर्यादा वाढवून ते लागू करा, ही मागणी युवक शाखांनी उचलावी. तोवर प्रत्येक शाखेत आठवड्यातून एक संध्याकाळ तक्रार-अर्ज लिहून देणारा कार्यकर्ता बसला पाहिजे.