मोरीच्या कडेचा वाळा

वैनगंगेच्या कांठचें पवनी हें भंडारा जिल्ह्यांतील गांव फार पुरातन. १९६९-७० सालीं येथील जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झालें आणि बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडांत आले. त्याच मातींत नांदणाऱ्या एका क्षुद्र रहिवाशाच्या नशिबीं मात्र उजेड येतो तो बहुधा मरणापुरताच. मृगाचा पाऊस पडून गेला कीं पवनींतच काय, महाराष्ट्रांतील कोणत्याहि गांवीं मोरीच्या कडेला किंवा ओल्या विटेखालीं गांडुळासारखें कांहीं तरी वळवळूं लागतें. पोरें ओरडतात, कोणी केरसुणी उचलतो, कोणी वहाण, आणि क्षणांत निकाल लागतो.

हा प्राणी म्हणजे वाळा. तान्ह्याच्या पायांतल्या वाळ्याचें कौतुक होतें, माठांतल्या वाळ्याचा सुगंध घेतात; बिळांतल्या वाळ्याच्या वांट्याला मात्र वहाण!

वास्तविक हा साप आहे, पण बिनविषारी. लांबी बहुधा पांच-सहा इंच. अंगावर गुळगुळीत, चकाकणारे खवले; गांडुळाचीं वलयें त्याला नसतात. डोळे म्हणजे खवल्याखालचे दोन काळे ठिपके. त्यांनीं उजेड आणि अंधार एवढेंच कळतें. शेंपटीच्या टोंकाला बारीकसा कांटा असतो. हातांत धरल्यास तो टोंचल्यासारखा वाटतो, आणि लोक त्यालाच नांगी समजतात. तो झोंपलेल्याच्या कानांत शिरतो ही समजूतहि अशीच निराधार. त्याचें इवलेंसें तोंड माणसाला चावण्याजोगें नाहींच. मुंग्यांचीं व वाळवीचीं अंडीं-अळ्या हें त्याचें अन्न. वाळवी गिळतांना तो कधीं कधीं तिचें डोकें घासून तोडून टाकतो, असें जपानी संशोधकांनीं २०१५ सालीं नोंदविलें आहे. घराच्या तुळया पोखरणाऱ्या वाळवीचा हा वैरी घरमालकाच्याच हातून मरतो!

आंध्र किनाऱ्यावरील विशाखापट्टणम् येथें पॅट्रिक रसेल यानें या सापाचें वर्णन केलें, तें १७९६ सालीं छापलें गेलें. तेथील तेलुगु लोक त्याला 'दोन डोक्यांचा साप' म्हणत. १८०३ सालीं दोदँ या फ्रेंच पंडितानें त्याला 'ब्रामिनस' हें शास्त्रीय नांव दिलें.

खरें नवल पुढेंच आहे. या जातींत नर आढळतच नाहीं! सर्व माद्या, नराविना त्या अंडीं घालतात आणि त्यांतून पुन्हां माद्याच निघतात. त्यामुळें कुंडींतल्या मातींतून एकटी मादी परमुलखीं गेली तरी तिचा वंश तेथें वाढतो. रोपांच्या कुंड्यांबरोबर हा साप हवाई, सेशेल्स, फ्लॉरिडा असा दूरदूर पोंचला आहे. उपनिषदें, मसाले आणि मलमल आपण परदेशीं धाडलीं हें सर्वांना ठाऊक असतें; हा मात्र विनापरवाना गेला.

एवढ्यावरून वळवळणारें सारेंच हातीं घ्यावें असें नव्हे. मण्यारीचें पिल्लूहि पावसाळ्यांत घरांत येतें आणि त्याचें विष जन्मतःच घातक असतें. परंतु तें वाळ्याहून बरेंच लांब असतें, डोळे स्पष्ट दिसतात आणि काळ्या अंगावर पांढरे पट्टे असतात. शंका येतांच दूर राहावें आणि जाणत्याला बोलवावें. वाळाच आहे अशी खात्री पटली, तर जाड कागदावर उचलून कुंडींतल्या ओल्या मातीवर सोडावें. तोंड खालीं घालून तो पाहतां पाहतां मातींत दिसेनासा होतो.