सुजलेली जागा का दुखते?

(महोत्सवानिमित्त सुलतान बाजार येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वेदनेचा विषय या भागाला नवा नाही. शेजारच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ साली हैदराबादेत दोन क्लोरोफॉर्म कमिशने बसली होती. त्यांचे निष्कर्ष पुढे सर्वांना पटले नाहीत, ती गोष्ट निराळी. क्लोरोफॉर्म मेंदूला निजवतो. आम्हाला आज बोलायचे आहे ते दुसऱ्या टोकाविषयी, जिथे वेदना उठते त्या कातडीतल्या आणि सांध्यांतल्या ज्ञानतंतूंविषयी.

घरात आजीच्या हाताला सूज आली की कोमट पाणीसुद्धा चटका देते म्हणून ती कळवळते. ‘एवढ्याने काय होतंय?’ असे आपण सहज बोलून जातो. आजी कांगावा करीत नसते.

ज्ञानतंतूंच्या टोकांवर प्रथिनांची इवलाली दारे असतात. त्यांतले एक मिरचीमुळे सापडले, हे गुंटूरच्या मिरचीवर वाढलेल्या मंडळींना ऐकायला गंमत वाटेल! मिरचीतले कॅप्सेसिन नेमके कोणते दार उघडते, ते १९९७ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हुडकून काढले. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. हेच दार सुमारे ४३ अंश सेल्सिअस उष्णतेलाही उघडते. तेव्हा ठेच्याने तोंड भाजले असे आपण म्हणतो, ते तंतूच्या लेखी अगदी खरे असते.

सूज आली की तिथल्या पेशींतून व रक्तद्रवातून प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकायनिन असे निरोपे सुटतात. तंतूवरच्या आपापल्या ग्राहक-प्रथिनांना ते चिकटतात. त्यासरशी आत कायनेज नावाची प्रथिने कामाला लागतात आणि त्या दाराला फॉस्फेट जोडतात. दाराची बिजागरी इतकी सैल होते की अंगाच्या नेहमीच्या उष्णतेलाही ते उघडू शकते. मग कोमट पाण्याची काय कथा!

अ‍ॅस्पिरिन या दाराला हात लावीत नाही. ते प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले. परंतु तेच प्रोस्टाग्लँडिन जठराचे अस्तर राखते आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळते. म्हणूनच दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणाऱ्यांची आम्हाला धास्ती वाटते. अशी माणसे आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत.

मग दारच बंद करावे, असा विचार शास्त्रज्ञांनीही केला. तशी औषधे माणसांवर तपासली, तेव्हा काहींना ताप चढला आणि काहींना चटका बसण्याजोगी उष्णता कळेनाशी झाली. कुष्ठरोगाने बधिर झालेला हात चुलीवर भाजतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातला धोका सांगायला नको. आता प्रयत्न आहे तो सैल झालेली बिजागरी तेवढी पूर्ववत करण्याचा. तसे औषध अजून दुकानात आलेले नाही. तोवर आजी पाणी कढत आहे म्हणाली, तर त्यात गार पाणी घालून द्यावे.