गरोदरपणातील कंबरदुखी

गरोदरपणातील कंबरदुखी बहुधा पाचव्या-सहाव्या महिन्यापासून जाणवू लागते. गर्भाशय वाढते तसा शरीराचा भार पुढे सरकतो. तोल सावरण्यासाठी स्त्री नकळत खांदे मागे नेते, कमरेचा बाक वाढतो आणि कण्यालगतचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. कण्याला पुढून आधार देणारे पोटाचे स्नायू याच काळात सैलावतात. संप्रेरकांमुळे कटीच्या सांध्यांचे अस्थिबंधही ढिले होतात.

दुखणे नेमके कुठे आहे, हे आधी पाहावे लागते. कमरेच्या मध्यावरचे दुखणे बराच वेळ उभे राहिल्यावर किंवा वाकल्यावर वाढते. कटीच्या सांध्यांचे दुखणे त्याहून खाली, कमरेमागच्या खळ्यांपाशी किंवा एका कुल्ल्यात असते. जिना चढताना आणि कूस बदलताना ते चमकते. अशा वेळी कपडे बसून घालावेत, पायऱ्या एकेक करून चढाव्यात आणि गुडघे जुळवून कूस बदलावी.

‘बाईच्या जातीला हे सोसावेच लागते’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते, आणि त्यामुळेच बरेचसे टाळता येण्याजोगे दुखणे अंगावर काढले जाते. ओणवे होऊन झाडणे, कमरेवर हंडा घेणे, तासन्‌तास भातलावणी किंवा खुरपणी करणे यांचा ताण थेट कमरेवर येतो. लांब दांड्याचा झाडू वापरावा. पाणी दोन लहान भांड्यांत दोन्ही हातांना सारखे वाटून आणावे. ओट्यापाशी उभे राहताना एक पाय आलटूनपालटून पाटावर ठेवावा. मात्र कटीचे सांधे दुखत असतील तर हे टाळून बसूनच काम करावे. जड कामे घरातल्या इतरांनी उचलणे हा उपचाराचाच भाग आहे. दिवसभर वाफ्यात वाकणाऱ्या मजूर स्त्रीला व्यायाम सांगून भागत नाही. तिला हलके काम मिळायला हवे. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने गरोदर कामगार स्त्रीला शेवटच्या टप्प्यात कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम नाकारण्याचा हक्क दिला, पण शेतमजुरीत तो क्वचितच पोहोचतो.

पडून राहिल्याने स्नायू अधिकच दुबळे होतात. डॉक्टरांची हरकत नसेल तर रोज चालावे. मार्जारासन सावकाश करावे. झोपताना कुशीवर, गुडघ्यांच्या मध्ये उशी घेऊन झोपावे. उठताना आधी कुशीवर वळून हाताच्या आधाराने बसावे. सोसेल इतक्या कोमट पिशवीने कमर शेकल्यास आराम पडतो. कॅल्शियमच्या गोळ्या आवश्यक असल्या तरी त्या वेदनाशामक नव्हेत.

वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नये. पॅरासिटामॉल डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांमुळे, विशेषतः 20 आठवड्यांनंतर, गर्भाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. चोळायच्या अनेक मलमांतही डायक्लोफेनॅक असते, म्हणून तीही विचारूनच लावावीत.

कळा ठरावीक अंतराने येऊ लागल्या, विशेषतः 37 आठवड्यांपूर्वी, तर ती अकाली प्रसूतीची सुरुवात असू शकते. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, ताप येणे, लघवीला जळजळ होणे, पायातली शक्ती जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.