उन्हाचा सौदा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली एक गृहिणी. भाषणाची मला सवय नाही. पण माझी धाकटी जाऊ सौर विजेच्या एका कंपनीत विक्री व्यवस्थापक आहे. तिच्या कामाविषयी बोलावे, असा तुम्ही आग्रह केलात, म्हणून उभी राहिले आहे.

ऊन ही आपल्या खानदेशात विकत घ्यायची वस्तू नव्हे. दोंडाईच्याची मिरची त्याच्यावर वाळते, आपले पापड-कुरडया त्याच्यावर होतात. म्हणून जाऊ स्कूटरवर शिंदखेडा, शिरपूरपर्यंत जाऊ लागली व दिवेलागणीनंतर घरी येऊ लागली, तेव्हा मीच नाक मुरडले. तिची मुले मी सांभाळी. पण सांभाळता सांभाळता टोमणेही मारी.

एके दिवशी तिने मला बरोबर नेले. घरधनी ओसरीवर बिलाचे कागद घेऊन बसले होते. ही आत जाऊन घरच्या बाईंना विचारते, "काकू, वाळवण कुठे घालता?" कारण १ किलोवॅटच्या पाट्यांना साधारण १०० चौरस फूट गच्ची लागते. गच्ची कोणाच्याही नावावर असो, उन्हाळ्यात ती आपली असते. हे विचारणारे माणूस मी प्रथमच पाहिले.

मग तिने सगळे समजावले. १ किलोवॅटला दिवसाकाठी सरासरी ४ युनिटे वीज होते, पावसाळ्यात कमी. उरलेली महावितरणच्या तारेत जाते व बिलातून वजा होते. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान ठरले. पण ते बसवून झाल्यावर खात्यात येते, आधी पैसे आपणच उभे करायचे. बिल अगदी शून्य होत नाही, स्थिर आकार राहतोच. आणि बॅटरी नसेल तर गावची वीज गेली की हीही बंद पडते. नाहीतर खांबावर काम करणाऱ्या माणसाला झटका बसेल. मी मनात म्हटले, अशाने माल खपायचा कसा!

खरी परीक्षा पुढे मार्चमध्ये झाली. तिच्या ठरलेल्या विक्रीत एकच घर कमी होते. माझ्या माहेरच्या नात्यातल्या एक विधवा बाई विसार घेऊन तयार होत्या. ही त्यांच्या गच्चीवर सकाळी, दुपारी व चार वाजता जाऊन उभी राहिली. दक्षिणेला शेजाऱ्याचे तीन मजली घर. तिने चक्क सांगितले, "मावशी, पौषात सावली याहून लांब पडेल. तुमचा पैसा फिटणार नाही. घेऊ नका."

कंपनीत बोलणी बसली, त्या महिन्याचा जादा मेहनताना गेला. मुलांची फी त्यातूनच भरायची होती. मीही रागावले, "आलेली लक्ष्मी परत धाडलीस!" ती म्हणाली, "ताई, लुगडे विटले तर माणूस दुसरे घेतो. हे पंचवीस वर्षे त्यांच्या डोक्यावर राहणार. रोज वर पाहतील आणि माझे नाव घेतील." फी भरायला मी माझे साठवलेले पैसे दिले. त्या दिवसापासून माझे टोमणे बंद झाले.

भगिनींनो, सूर्य स्वच्छ आहे म्हणून सौदाही स्वच्छ असतोच असे नाही. आपल्याच जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगरला २०१३ साली महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला, याचा आपल्याला अभिमान वाटतो. आणि आपल्या जवळच्याच विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी वीज प्रकल्पात गेलेल्या जमिनीचा योग्य मोबदला मिळावा म्हणून २०१८ च्या जानेवारीत मंत्रालयात विष घेतले व ते गेले, हेही आपण विसरू शकत नाही. वीज कशाचीही असो, देणाऱ्याघेणाऱ्याला न्याय मिळाला तरच ती शोभते.

तेव्हा दारी कोणी पाट्या विकायला आले तर तुम्हीही ओसरीवर या. सावली कुठे पडते, दुरुस्तीला कोण येणार, हमी कागदावर आहे का, हे विचारा. आणि आपल्या घरची सून-मुलगी असल्या कामाला निघाली, तर माझ्यासारखे नाक मुरडू नका. तिची मुले हसतमुखाने सांभाळा.