फळ मऊ का होते?

आंबा तयार झाला की नाही, हे गिऱ्हाईक अंगठ्याने हलकेच दाबून ओळखते. त्या अंगठ्याला जे कळते, ते म्हणजे फळाच्या पेशीभित्तिकांत घडलेले रासायनिक स्थित्यंतर होय.

वनस्पतीची प्रत्येक पेशी एका भिंतीने वेढलेली असते. या भिंतीत सेल्युलोजचे बळकट तंतू असतात आणि त्यांच्यामधील जागा हेमिसेल्युलोज व पेक्टिन ही द्रव्ये व्यापतात. शेजारच्या दोन पेशींना जोडणारा थर तर मुख्यतः पेक्टिनचाच असतो. विटांच्या बांधकामात चुन्याचे जे कार्य, तेच फळात पेक्टिनचे. १८२५ साली आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञाने या द्रव्याचे वर्णन केले आणि गोठणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिले.

चुन्याची ही उपमा नुसता अलंकार नव्हे. पेक्टिनच्या लांब साखळ्या एकमेकींशी सांधल्या जातात त्या कॅल्शियममुळे, आणि चुन्यातही कॅल्शियमच असते. पेठ्यासाठी कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या पाण्यात ठेवल्या, की त्या पाकात शिजूनही मोडत नाहीत, त्याचे एक कारण हेच.

आंब्यासारखे फळ पिकू लागले, की एथिलीन वायूच्या इशाऱ्याने त्यात अनेक एन्झाइमे कामाला लागतात. ती पेक्टिनच्या साखळ्या तोडतात, पेशींचे सांधे सैल होतात आणि गर मऊ पडतो. हे कुजणे नव्हे. पशुपक्ष्यांनी फळ खावे व बी दूरवर न्यावे, यासाठी फळाने स्वतःच मांडलेली ही मोडतोड आहे. गोव्यात पेराड करणारी गृहिणी अगदी पिकलेल्या पेरूंत काही कमी पिकलेले पेरू मिसळते, तेव्हा ती न तुटलेले पेक्टिन मिळवीत असते. साखर व आम्ल यांच्या संगतीत तेच पेक्टिन गोठते.

परंतु ही मोडतोड बागाइतदाराच्या सोयीने थांबत नाही. माल पेठेत पोहोचेपर्यंत तो दबतो, फुटतो आणि वर्षाची मेहनत मातीमोल होते. यावर उपाय म्हणून अमेरिकेत १९९४ साली फ्लेव्हर सेव्हर नावाचा टोमॅटो विक्रीस आला. त्यात पेक्टिन तोडणारे पॉलिगॅलॅक्टुरोनेज हे एन्झाइम जवळजवळ निष्क्रिय केलेले होते. तरीही फळ अपेक्षेइतके टणक राहिले नाही, आणि खर्चही भारी पडल्याने १९९७ पर्यंत त्याची विक्री बंद झाली. पुढे २०१६ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी पेक्टेट लायेज हे दुसरे एन्झाइम रोखले; तेव्हा मात्र टोमॅटो पिकूनही अधिक काळ टणक राहिला.

भिंत मोडणारे हात अनेक आहेत. त्यांपैकी कोणता रोखावा, हे ओळखण्यातच खरी विद्या आहे. तोवर वेळेवर तोडणी, अलगद हाताळणी व थंड साठवण हेच बागाइतदाराचे भरवशाचे रसायनशास्त्र होय.